अंजनवेलच्या दीपगृहावरून सीक्यू

ऑगस्टचा तिसरा पूर्ण वीकेंड आला की जगभरातले हॅम रेडिओवाले वायरी, बॅटऱ्या आणि रेनकोट गाडीत भरून जवळच्या दीपगृहाकडे निघतात. १९९८ साली स्कॉटलंडमधल्या एअर शहरातल्या हौशी रेडिओ मंडळींनी हे सुरू केलं आणि आता चाळीसहून जास्त देशांतली शेकडो दीपगृहं आणि जुन्या दीपनौका, म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेल्या दिव्याच्या बोटी, या दोन दिवसांत ऑन एअर येतात. इंटरनॅशनल लाइटहाउस लाइटशिप वीकेंड असं त्याचं नाव. यात स्पर्धा नाही हे मला सगळ्यात जास्त आवडतं, पॉइंट नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही, स्टेशन दीपगृहाच्या आवारात किंवा अगदी लगत हवं एवढीच मुख्य अट, आणि आयोजक उलट आवर्जून सांगतात की नवखे, हळू बोलणारे, कमी पॉवरवर असणारे लोक भेटले तर त्यांना निवांत वेळ द्या.

ज्यांना हॅम रेडिओ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. परीक्षा देऊन केंद्र सरकारचं लायसन्स घ्यायचं, मग आपल्याला कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, मिळतो, भारतात तो बहुतेक व्हीयू टू नाहीतर व्हीयू थ्रीने सुरू होतो, आणि ठरवून दिलेल्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर, स्वतःच्या सेटवरून जगातल्या कुठल्याही हॅमशी बोलायचं. कुणी आहे का, अशी सगळ्यांना दिलेली हाक म्हणजे सीक्यू. मधे मोबाईल कंपनी नाही, टॉवर नाही, इंटरनेट नाही. तुमचा सेट, तुमची वायर आणि वर आकाशातला आयनोस्फिअर, म्हणजे रेडिओ लहरी परत खाली वळवणारा थर, बस.

२०२५ मध्ये हा वीकेंड १६-१७ ऑगस्टला आला. शुक्रवारी स्वातंत्र्यदिन, त्यामुळे झेंडावंदन उरकून पुण्यातून निघता आलं. दीपगृह खात्याची लेखी परवानगी, जागा बदलून स्टेशन लावायची कागदपत्रं, राहायची सोय ही सगळी कामं आमच्या हॅम क्लबच्या सेक्रेटरी ताईंनी उन्हाळ्यापासून लावून धरली होती, लोकांना फक्त अँटेनाचे फोटो दिसतात पण खरं काम तेच. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर आणि तिथून पुढे अंजनवेल. घाटात पावसाने समोरचं काही दिसू दिलं नाही आणि तो पाऊस रविवार संपेपर्यंत थोडाथोडका थांबला असेल तेवढाच.

दीपगृह टाळकेश्वराच्या देवळाजवळ, कड्यावर. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठी नदीचं मुख, पलीकडच्या काठाला दाभोळ, आणि खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवणारा गोपाळगड जवळच. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता, होड्या समुद्रात जायला लागल्या होत्या पण हवा बघून बऱ्याच जणांनी परत खाडीत आसरा घेतलेला. दीपगृहावरच्या साहेबांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या, मनोऱ्याला काहीही बांधायचं नाही आणि दीपगृहाच्या उपकरणांना त्रास झाला तर तुमचा रेडिओ लगेच बंद करायचा. दोन्ही शंभर टक्के बरोबर. लोकांना वाटतं दीपगृह म्हणजे नुसता फिरणारा दिवा, पण आता अनेक दीपगृहांवर जहाजांचे एआयएस सिग्नल, म्हणजे जहाज आपली ओळख आणि जागा आपोआप सांगत असतं ते, पकडणारी यंत्रणा असते, काही ठिकाणी रॅकॉन असतो, म्हणजे जहाजाच्या रडारचा पल्स येऊन आदळला की तो उत्तर पाठवतो आणि तिकडे रडारच्या पडद्यावर मोर्समधलं एक अक्षर उमटतं. मोर्स मेला म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

दीपगृह आणि रेडिओ यांचं नातं आम्ही हॅम लोकांनी वीकेंडपुरतं जोडलेलं नाहीये, ते बिनतारी संदेशांच्या जन्मापासूनचं आहे. मार्कोनीच्या लोकांनी डिसेंबर १८९८ मध्ये इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ ईस्ट गुडविन नावाच्या दीपनौकेवर सेट बसवला आणि साधारण वीस किलोमीटरवरच्या साउथ फोरलँड दीपगृहाशी तिचा संपर्क सुरू केला. गुडविन सँड्स म्हणजे जहाजांची कबरस्तानं असलेला वाळूचा पट्टा, तिथे एखादं जहाज रुतलं तरी किनाऱ्यावर कळायला मार्ग नसायचा, धुकं असेल तर मग विचारूच नका. २८ एप्रिल १८९९ ला धुक्यात आर एफ मॅथ्यूज नावाची बोट त्या दीपनौकेवरच येऊन धडकली आणि दीपनौकेवरून बिनतारी यंत्रावर मदतीची हाक गेली. समुद्रातून रेडिओवर गेलेल्या अगदी सुरुवातीच्या मदतीच्या हाकांपैकी ही एक. त्याच साउथ फोरलँड दीपगृहात त्याच्या महिनाभर आधी, मार्च १८९९ मध्ये, इंग्लिश खाडीपलीकडून फ्रान्समधल्या विमेरोहून संदेश आला होता. म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात पहिल्यांदा बिनतारी संदेश गेला तो एका दीपगृहात.

हे सगळं आम्हाला शुक्रवारी रात्री क्लबमधल्या काकांनी सांगितलं. काका मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होते. त्यांच्या काळी ५०० किलोहर्ट्झ ही जहाजांची संकटाची फ्रिक्वेन्सी, आणि दर तासाला दोनदा, पंधरा ते अठरा मिनिटं आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटं, जगातल्या सगळ्या जहाजांनी त्या फ्रिक्वेन्सीवर गप्प बसून फक्त ऐकायचं. रेडिओ रूमच्या घड्याळावर ती तीन-तीन मिनिटं लाल रंगाने रंगवलेली असायची. का, तर कुणाची तरी बॅटरी संपत आलेली असेल, सिग्नल अगदी क्षीण असेल, तो इतरांच्या गोंगाटात हरवू नये म्हणून. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर नवी यंत्रणा पूर्ण लागू झाली आणि मोर्सवाल्या रेडिओ ऑफिसरचं पद गेलं. काका म्हणाले, किनारा जवळ आला की आधी दिवा दिसायचा आणि किती सेकंदांनी किती वेळा चमकतो ते मोजून कुठलं दीपगृह ते कळायचं, प्रत्येकाची चमकण्याची पद्धत वेगळी. आपला कॉलसाइन असतो ना तसंच. ते बोलत होते तेव्हा वरचा दिवा आमच्या डोक्यावरून फिरत होता आणि पावसात त्याचे झोत स्पष्ट दिसत होते.

आता अँटेना. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळी मजा इथेच आहे.

कड्यावर सगळा जांभ्याचा सडा, त्यात पहार मारली तरी खिळा जात नाही. त्यामुळे खांबाचे ताण द्यायला मोठे चिरे गोळा केले, त्यांना दोऱ्या बांधल्या, आणि दोन वेगवेगळ्या अँटेना उभ्या केल्या. पहिली ४० मीटर बँडची, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासची, इन्व्हर्टेड व्ही, उलट्या व्हीच्या आकाराची. मधलं टोक बांबूवर फक्त सहा-सात मीटर उंच, दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा मीटरची वायर उतरती. अँटेना इतकी खाली ठेवली की लोक विचारतात, उंच का नाही लावली? तर मुद्दाम. जमिनीजवळची आडवी वायर सिग्नल जवळजवळ सरळ वर फेकते, तो आयनोस्फिअरवरून परत खाली छत्रीसारखा पडतो, आणि तीनचारशे किलोमीटरच्या परिघात सगळीकडे ऐकू येतो, मधे सह्याद्री असला तरी. व्हीएचएफचा हँडसेट घेऊन अंजनवेलवरून पुणे लागणार नाही, मधे पूर्ण डोंगराची भिंत आहे. पण ७ मेगाहर्ट्झवर दिवसा पुणे, नाशिक, कोल्हापूर, मुंबई सगळे घरच्यासारखे.

दुसरी २० मीटरची व्हर्टिकल, पाच मीटरच्या आसपासची उभी वायर फायबरच्या काठीवर, आणि खाली सड्यावर पसरलेल्या वायरी, म्हणजे रेडियल. ही समुद्राच्या बाजूला, कड्याच्या जितकं जवळ सुरक्षितपणे जाता येईल तितकं. खारं पाणी साध्या जमिनीपेक्षा विजेचं कितीतरी चांगलं वाहक, हजारपटीच्या हिशोबात, त्यामुळे उभ्या अँटेनाचा क्षितिजाच्या अगदी जवळून जाणारा सिग्नल जो एरवी जमीन खाऊन टाकते तो समुद्रावरून बाहेर निसटतो. आणि लांबचे देश त्याच कमी कोनातून लागतात. घरी गच्चीवर हीच काठी, हीच वायर आणि हाच सेट मी वापरतो, पण इथे पश्चिमेला मस्कत येईपर्यंत सोळाशे-सतराशे किलोमीटर नुसता समुद्र. फरक कानाला लगेच कळतो.

पावसाने दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे पावसाचे थेंब स्वतः विजेचा भार घेऊन येतात, ते वायरवर पडले की हेडफोनमध्ये फस्स असा आवाज चढत जातो, सर जोरात आली की सिग्नलचं मीटर एस सेव्हनपर्यंत, म्हणजे बरंच वर, सर गेली की परत शांत. ऑगस्टमध्ये कोकणात विजा तशा कमी, त्या मे-जूनला नाहीतर परतीच्या पावसात जास्त, तरी लांब कुठे गडगडलं की आम्ही अँटेनाची केबल, म्हणजे कोॲक्स, काढून बाहेर ठेवत होतो, कड्यावर यात तडजोड नाही. दुसरी गोष्ट, शुक्रवारी रिमझिम असताना विजेच्या खांबांवरून प्रचंड खरखर येत होती, खारं दव इन्सुलेटरवर बसून ओलं झालं की बारीक ठिणग्या उडतात, त्याची. रात्री धो धो पाऊस झाला, मीठ धुऊन निघालं आणि शनिवारी सकाळी बँड स्वच्छ. मोठ्या पावसाचे एवढे आभार मी कधी मानले नव्हते.

वीकेंडची अधिकृत वेळ जागतिक घड्याळाप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच ते सोमवारी पहाटे साडेपाच. पहाटे ४० मीटरवर पहिली हाक काकांनी मोर्समध्ये दिली आणि लॉग सुरू झाला. सकाळभर महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, केरळ. बरेच जण ओळखीचे, रोज सकाळी नेटवर, म्हणजे रेडिओवरच्या ठरलेल्या भेटीत, भेटणारे, पण दीपगृहावरून बोलतोय म्हटल्यावर आवाज बदलतात लोकांचे. नाशिकच्या एका आजोबांनी पाऊस किती, समुद्र किती खवळलाय, दिवा किती वाजता लागतो, सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाले, मला जिने चढवत नाहीत आता, तुमच्या आवाजातून बघून घेतलं. दुपारी २० मीटरवर ऑस्ट्रेलिया, तिकडचे दीपगृहवाले. आणि संध्याकाळी पाच-सहानंतर युरोप उघडला तो असा की एकाच वेळी दहा-पंधरा जण आम्हाला बोलावतायत. जर्मनीतले, इंग्लंडमधले, पोलंडमधले. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरच्या एका जर्मन दीपगृहाशी बोलणं झालं, त्यांच्याकडे स्वच्छ ऊन आणि आमच्या ताडपत्रीवर पाऊस इतका की त्यांना तो माइकमधून ऐकू येत होता. दोन दीपगृहं एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर, एकमेकांचा उजेड कधीच दिसणार नाही अशी, आणि तरी फाइव्ह नाइन, म्हणजे आवाज अगदी स्पष्ट आणि जोरदार.

क्लबमध्ये एक मुलगी आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, नुकतंच रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स हातात आलंय, ५० वॉटपर्यंतची परवानगी. परीक्षा पास झाली, सर्किट समजतात, सोल्डरिंग माझ्यापेक्षा सुबक करते, पण माइकचं बटन दाबलं की गप्प. शनिवारी संध्याकाळी पाइलअप, म्हणजे एकाच वेळी अनेकांच्या हाका, चालू असताना काका खुर्चीवरून उठले आणि तिला म्हणाले, बस बाळ इथे, कॉलसाइन ऐकायचा, परत म्हणायचा, सिग्नल रिपोर्ट द्यायचा, घाई काही नाही, समोरचा थांबतो. आणि खरंच थांबले सगळे. ती अडखळली की तिकडचा माणूस शांतपणे परत एकेक अक्षर सांगायचा, अल्फा, ब्राव्हो, चार्ली. अर्ध्या तासाने ती एका हाताने लॉग लिहीत होती आणि दुसऱ्या हाताने आम्हाला गप्प राहायची खूण करत होती. स्पर्धा नसण्याचा फायदा म्हणतो तो हाच, कॉन्टेस्टच्या धामधुमीत तिला त्या खुर्चीवर कुणी बसवलं नसतं.

गावातली माणसं येऊन बघून जात होती. शनिवारी दहीहंडी, तरी हंडी फोडून भिजलेली पोरं थेट आमच्याकडे, अंगावर दही तसंच. जेवण ज्यांच्याकडे होतं त्या वहिनींनी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि टाकळ्याची भाजी पाठवली, दोन दिवस तेच खाल्लं असतं तरी चाललं असतं. त्यांचे सासरे आले होते, छत्री मिटून ताडपत्रीखाली बराच वेळ उभे राहिले, जर्मनीवाल्याचं बोलणं ऐकलं आणि मग एकच प्रश्न विचारला, "फोन लागत नाय तवा ह्यो लागंल काय?"

आमच्या सगळ्या वीकेंडचा खरा प्रश्न तोच. लागेल. पण तो आपोआप नाही लागत.

त्या कड्यावरून जी खाडी दिसते तिच्यात वाशिष्ठी येते, आणि हीच वाशिष्ठी २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये शिरली होती. वीज गेली, मोबाईल बंद पडले, आत अडकलेल्या माणसांचे नातेवाईक पुण्या-मुंबईत फोन लावत बसले आणि पलीकडे रिंगसुद्धा नाही. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२०, निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हाही तेच. अशा वेळी जे हवं असतं ते नेमकं आम्ही अंजनवेलला केलं ते: पावसात, अनोळखी जागी, खिळा न जाणाऱ्या दगडावर, बॅटरीवर, एक बुटकी इन्व्हर्टेड व्ही उभी करून सह्याद्रीपलीकडे बोलणं. ती वायर किती लांब कापायची, वायर आणि केबल जोडणाऱ्या बालनमध्ये पाणी जाऊ नये म्हणून तो कसा गुंडाळायचा, शंभर वॉटचा सेट बोलताना वीसेक अँपिअर खेचतो तर बॅटरी किती तास पुरेल, कुणी ऐकायचं आणि कुणी लिहायचं, हे पुस्तकात वाचून त्या दिवशी जमत नाही. आधी हात बसलेला लागतो. आणि हात बसायला वर्षातून निदान एकदा तरी असं ओलं व्हावं लागतं, मजा म्हणून का होईना.

मजेतून केलेली तयारी कशी कामी येते याचं भारतातलं सगळ्यात मोठं उदाहरण अंदमानचं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमेच्युअर रेडिओची टीम पोर्ट ब्लेअरला गेली होती, उद्देश एवढाच की अंदमानमधून जगभरच्या हॅमना संपर्क मिळावा. अँटेना उभ्या होत्या, सेट चालू होते, आणि २६ डिसेंबरला सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी. बाकी सगळं बंद पडलं आणि हौसेसाठी लावलेलं ते स्टेशन अंदमान आणि भारताच्या मुख्य भूमीमधला दुवा झालं, कोण जिवंत आहे, कोण कुठे आहे, हे निरोप त्यावरून गेले. ती टीम तिथे मदतकार्यासाठी गेलेलीच नव्हती, पण तिला आपलं काम येत होतं आणि तिची अँटेना वर होती.

म्हणून मी वहिनींच्या सासऱ्यांना, त्या आजोबांना, नुसतं हो नाही म्हटलं, तर रविवारी सकाळी परत बोलावलं. ४० मीटरवर पुण्यातल्या आमच्या मित्राला हाक दिली, आजोबांचा मुलगा पिंपरीत असतो, मित्राने आपल्या मोबाईलवरून त्याला फोन लावून सांगितलं की वडील बरे आहेत, पाऊस खूप आहे, गणपतीला लवकर ये. रेडिओवरून असे खाजगी निरोप एरवी नियमात बसत नाहीत, त्यामुळे आम्ही तो सरावाचा निरोप म्हणून अगदी साधा आणि छोटा ठेवला. दोन मिनिटांत मुलाचं उत्तर परत आलं, २५ तारखेला निघतो. आजोबांनी ते दोनदा ऐकवायला लावलं.

संपर्काची पावती म्हणून पाठवायची क्यूएसएल कार्ड छापायला दिलीत, दीपगृहाचा फोटो आमच्या इंजिनिअरिंगवाल्या मुलीने काढलाय, ज्यांचा ज्यांचा संपर्क झाला त्यांना पोचतील. पुढचा वीकेंड १५-१६ ऑगस्ट २०२६ ला येतोय. माझ्या डोक्यात असं आहे की तेव्हा एक टीम अंजनवेलला आणि एक छोटी टीम चिपळूणला ठेवायची, दोघांत दर तासाला ठरलेल्या वेळी निरोपांची देवाणघेवाण करायची, मोबाईल बंद आहे असं धरून, आणि काकांच्या घड्याळाप्रमाणे तासातून दोनदा तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी फक्त ऐकायचं. गुहागर-चिपळूण भागातल्या कुणाला यात यायचं असेल तर आत्तापासून लायसन्सच्या परीक्षेच्या मागे लागा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, आणि लायसन्स हातात पडायला वेळ लागतो त्यामुळे पावसाळ्याची वाट बघू नका. अभ्यासाला मदत आम्ही करू.